आधी काम दाखवा

हाओ काका आधी बूट बघायचे, मग माणूस. खोलीच्या दाराशी काढलेला बूट उचलून, उलटा करून, टाच ट्यूबलाइटकडे धरून ते मिनिटभर वाचत बसायचे, आणि ज्याचा बूट तो स्टुलावर ताटकळत. "डावा गुडघा," असं ते शेवटी बुटाला सांगायचे. माणसाला नाही. बहुतेक वेळा डावा गुडघाच असायचा. आम्हा मराठी मंडळींवर त्यांची मर्जी होती, कारण आम्ही न सांगता बूट बाहेर काढत असू. "अमेरिकन पुरावा पायात घालून आत येतो," अशी त्यांची तक्रार होती.

त्यांचं इंग्रजी काळ, वचन असल्या भानगडीत पडत नसे. चार शब्दांत वाक्य संपायचं, आणि पाचवा शब्द लागलाच तर तो ते हाताने करून दाखवायचे. मी ते इथे मराठीत देते आहे, तितकंच आखूड.

खोली होती मिशिगनमध्ये, नोव्हाय गावाच्या पलीकडच्या एका टाउनशिपमध्ये, म्हणजे आपल्या छोट्या नगरपालिकेसारख्या हद्दीत, हमरस्त्याकडेच्या दुकानांच्या रांगेत. पुढे चिनी किराणा दुकान, त्यात तांदळाच्या पोत्यांची भिंत, आणि त्या भिंतीमागे हाओ काका. एक उंच बाक, दोन स्टुलं, सांगाड्याचं एक चित्र, काचेचे गोल कप आणि दारूत मुळ्या मुरवून केलेल्या तपकिरी तेलाची बरणी. त्या तेलाचा वास गाडीच्या सीटला आठवडाभर राहायचा. कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. डेट्रॉइटची बास्केटबॉल टीम खेळत असली की ते स्कोअर बघत नसत, खेळाडूंचे गुडघे बघत. "हा दोन महिने," म्हणायचे, आणि तो खेळाडू सव्वादोन महिन्यांनी बाहेर बसायचा.

वय अडुसष्ट. अंगात कायम निळा सुती कोट. ईशान्य चीनमधल्या एका पोलाद कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं कामगारांचे निखळलेले खांदे बसवले होते, मोडलेली हाडं बांबूच्या पट्ट्यांनी बांधली होती. त्यांच्या वडिलांचाही हाच धंदा. मुलगी मेई इकडे एका मोटार कंपनीत ब्रेकचं डिझाइन करायची. आई गेल्यावर तिने वडिलांना आणलं. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी एकही हाड बसवलं नव्हतं. "तिथे एक्स-रे दूर. इथे एक्स-रे जवळ," विषय संपला. सुयाही लावत नसत. "सुईला परवाना लागतो. माझ्याकडे अंगठा आहे." तो उजवा अंगठा उलथन्यासारखा चपटा झालेला होता, आणि मागे इतका वाकायचा की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, आधी ह्यांनाच कुणाला तरी दाखवा.

ह्या माणसाविरुद्ध मी पत्रक काढलं होतं.

ते का काढलं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दोन हजार चार साली मी तिथल्या एका विद्यापीठात मास्टर्स करत होते आणि बोरकर काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. दोघं अमरावतीचे, मी नागपूरची. नागपुरात मी तीन वर्षं भोंदू वैद्य आणि बाबा-महाराजांविरुद्ध काम केलं होतं, म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिली होती. तेविसाव्या वर्षी माझी खात्री होती की जगातली अर्धी दुखणी डॉक्टर बरी करतात आणि उरलेली अर्धी पत्रकं. अमेरिकेत आल्यावर वाटलं होतं, इथे आपल्याला काम उरणार नाही. पण पहिल्याच पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ भेटले. मंगळासाठी पोवळं घातलेलं. एमआरआयच्या आधी अंगठी काढायला सांगितली म्हणून एमआरआयच पुढे ढकललेला. मग माझ्या लक्षात आलं, भरपूर काम आहे.

बोरकर काकूंचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरता येईनात, ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरची अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली. डॉक्टरने सात मिनिटं पाहिलं, दुखणं दबवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या, आणि इन्शुरन्सने फिजिओथेरपीच्या मोजून सहा खेपा मंजूर केल्या. सहा खेपांत हात चार बोटं वर आला. मग इन्शुरन्सच्या मते काकू बऱ्या झाल्या. आजही हे लिहिताना माझा पारा चढतो. खांदा किती वर गेला पाहिजे हे जिथे फोनवरची बाई ठरवते, तिथे लोक पोत्यांमागच्या खोलीत जाणारच.

कुणीतरी काकूंना हाओ काकांचं नाव सांगितलं. काकूंना हायवेवर ड्राइव्ह करायची भीती, म्हणून मी गेले. ड्रायव्हर म्हणून आणि इन्स्पेक्टर म्हणूनही.

बूट वाचून झाले. मग हाओ काका म्हणाले, "काम दाखवा."

"काय दाखवा?" काकू माझ्याकडे बघू लागल्या.

"रोज काय काम करता? करून दाखवा. इथे."

ही त्यांची पद्धत होती. कुणालाही, कितीही दुखत असो, आधी कामाची नक्कल करायला लावायचे. मी त्या खोलीत नंतर माणसांना हवेत मोटारीची सीट बोल्टाने आवळताना पाहिलं, हवेत टायपिंग करताना, नर्सला हवेतला पेशंट उचलताना पाहिलं. काकूंनी संकोचत हवेत पोळी लाटली. हाओ काका खाली उकिडवे बसून त्यांच्या कोपराकडे बघत राहिले. "पुन्हा." काकूंनी दुसरी पोळी लाटली. "किती?" "रोजच्या वीस. शनिवारी जास्त." तेव्हा ते उठले, स्वतःच्या छातीशी हात धरून म्हणाले, "ओटा इथे?" काकू म्हणाल्या, हो, तिथेच. काकू चार फूट अकरा इंच. ओटा सहा फुटी अमेरिकन बाईच्या मापाचा. बारा वर्षं काकू खांदे कानाला लावून पोळ्या लाटत होत्या आणि हे ना नवऱ्याला दिसलं, ना डॉक्टरला, ना बेसमेंटमध्ये राहून त्याच पोळ्या खाणाऱ्या आणि कॉलेजात कामाच्या जागांची मापंच शिकणाऱ्या मला.

"ह्याला आमच्याकडे पन्नाशीचा खांदा म्हणतात," ते म्हणाले. "आपोआप जातो. दीड वर्ष, दोन वर्षं."

"मग तुम्ही काय करणार?" मी विचारलं. पहिलाच वार, आणि बऱ्यापैकी धारदार.

"तोवर गंजू देत नाही. तीनदा येतील. फरक नाही, तर चौथ्यांदा येऊ नका." मग काकूंना, "उद्यापासून उंचावर उभं राहून लाटा. टेलिफोनची दोन जाड पुस्तकं घ्या, त्यावर उभ्या राहा."

काकूंनी मान हलवली आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पुस्तकावर पाय देऊ होय मी? बाप्पा. सरस्वती आहे ती."

"काकू, ती टेलिफोन डिरेक्टरी आहे. त्यात प्लंबरचे नंबर आहेत."

"नंबर म्हणजे अक्षरंच ना गं?"

पुढच्या खेपेला हाओ काकांनी पुस्तकांचं विचारलं. काकूंनी नाही म्हटलं. मग लाकडी पाट घ्या, असं मीच सुचवलं, तर तो पूजेचा पाट. त्यावर बसायचं, उभं राहायचं नाही. हाओ काकांना मी हे भाषांतर करून सांगितलं. त्यांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्या घरी पाय ठेवायला काय चालतं?" शेवटी बोरकर काकांनी गॅरेजमध्ये प्लायवुडचा एक चौरंग ठोकला, आणि त्यावर कुणी कधी बसणार नाही असं काकूंनी घरात जाहीर केलं, म्हणजे तो पायांसाठीच राहील.

अंगठ्याने त्यांनी काय केलं तेही सांगते. काकू बाकावर कुशीवर. अंगठा खांद्याच्या मागून फिरत फिरत एका जागी थांबायचा, काकू "आई गं" म्हणायच्या, आणि मग तो तिथेच, न घसरता, न घाई करता, दाबत राहायचा. दुसऱ्या हाताने ते काकूंचा हात हळूहळू वर न्यायचे, काकूंना कळायच्या आत. शेवटी पाठीवर कप लावायचे. आत जाळ फिरवून कप पाठीला चिकटवायचे, आणि काढले की जांभळी गोल वर्तुळं उरायची.

मी त्यांना त्यांच्या सिद्धांताबद्दल छेडलंच. शरीरात 'ची' वाहते, ती अडली की दुखतं, वगैरे. मी म्हटलं, दाखवा ची.

"नाही दाखवता येत," ते म्हणाले. "तू दुखणं दाखव."

"दुखण्याच्या नसा असतात. त्या दिसतात."

"छान. मग नस म्हण. तू नस म्हण, मी ची म्हणतो. अंगठा तिथेच."

मला हे उत्तर तेव्हा पळवाट वाटलं. अजूनही थोडी वाटतेच. ज्याला आपण काय करतो ते सांगता येत नाही, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही, मग तो चिनी असो, अमरावतीचा असो की पांढऱ्या कोटातला.

पण मी केलं ते वेगळंच. काकूंच्या पाठीचा मी फोटो काढला होता, त्यांच्या बहिणीला पाठवायचा म्हणून. तोच पत्रकावर छापला. वर मथळा: 'ही वर्तुळं उद्या कुणाच्या पाठीवर? तुमच्या!' खाली नऊ मुद्दे. मुद्दा चौथा: 'प्रत्येक दुखण्यावर एकच उपाय, हीच भोंदूची खूण.' प्रती इंडियन ग्रोसरीत ठेवल्या, महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला वाटल्या. आणि अभिमानाने सांगते, म्हणजे तेव्हा अभिमान होता, की इंग्रजी भाषांतर करून एक प्रत टाउनशिपच्या ऑफिसात पोस्टाने पाठवली.

काकूंनी ते पत्रक कोथिंबीर घेताना पाहिलं. पाठीवरच्या तिळावरून ओळखलं. घरी येऊन त्या ओरडल्या नाहीत. कोथिंबीर निवडत म्हणाल्या, "माझी पाठ तू गावभर वाटलीस, मेघा. विचारलं असतंस तर निदान चांगला ब्लाउज घातला असता."

दोन आठवड्यांनी हाओ काकांना टाउनशिपची नोटीस आली. विनापरवाना मसाजचा धंदा. सुनावणी होईपर्यंत कुणालाही हात लावायचा नाही. अमेरिकेत मसाजची खोली म्हटलं की ऑफिसांच्या मनात काय येतं ते सांगायला नको. दुकानाची मालकीण घाबरली आणि म्हणाली, निकाल विरुद्ध गेला तर खोली रिकामी करा.

मेईने फोन करून काकूंना हे सांगितलं. आवाजात थोडी सुटकाच होती. तिला बाबांनी घरी आराम करायला हवा होता. मी त्याच दुपारी गेले. खोली उघडी होती. हाओ काका झाकणाच्या बरणीतून गरम पाणी पीत रिकाम्या बाकाजवळ बसले होते आणि मांडीवर माझं पत्रक होतं.

"हे तू लिहिलं?"

"हो."

"फोटो चांगला. डावा कप थोडा वर हवा होता. माझी चूक." मग पत्रक माझ्यापुढे धरलं. "वाच. मला ही अक्षरं येत नाहीत."

नऊच्या नऊ मुद्दे मला त्यांच्या तोंडावर भाषांतर करून वाचावे लागले. मी आयुष्यात बरीच भाषणं केली आहेत, पण इतक्या छोट्या सभेपुढे नाही. पहिल्या तीन मुद्द्यांवर ते मान हलवत राहिले. चौथ्यावर हात वर केला.

"प्रत्येक दुखण्यावर एकच उपाय. हे खोटं."

"आणि बाकीचे?"

"बाकीचं तुला माहीत नाही म्हणून लिहिलं. हे तुला माहीत होतं."

आणि होतंच. दोनच खेपांत मी त्यांना दोन माणसं परत पाठवताना पाहिलं होतं. एकाचा गुडघा सुजून गरम झालेला होता आणि अंगात ताप. एकीचा घोटा मुरगळलेला, चार पावलंही टाकता येत नव्हती. दोघांनाही त्यांनी बोट न लावता हॉस्पिटलचा रस्ता दाखवला होता. तरी ते वाक्य मी लिहिलं, कारण ते ठसकेबाज होतं. पत्रकातल्या चौथ्या मुद्द्याला जरा जोर लागतो.

"खोली गेली तर काय कराल?" मी विचारलं.

"घरी. मेईचा सोफा आहे. मग मीही सोफा."

एवढंच. ना राग, ना उपदेश. मला वाटतं, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री जेवले असते.

सुनावणीला दहा दिवस होते तेव्हा बोरकर काकांची पाठ धरली. तशी ती महिनाभर धरलेलीच होती. काका मोटारीच्या सुट्या भागांचे इंजिनियर, रोज गाडीत तीन तास, एका सप्लायरकडून दुसऱ्याकडे. "बसून बसून आखडलीय," म्हणायचे आणि हीटिंग पॅड लावायचे. त्या शनिवारी सकाळी त्यांना खुर्चीतून उठताना दोन्ही पायांत मुंग्या आल्या. काकू म्हणाल्या, हाओंकडे जाऊ. मी म्हटलं, त्यांना हात लावायची बंदी आहे. काकू म्हणाल्या, "माझा खांदा बघ." आणि हात डोक्यावरून नेऊन वेणीच्या शेंड्याला लावला. मी गाडी काढली.

हाओ काकांनी बाकाकडे बोट केलं नाही. हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पण बुटाला हात लावायला बंदी नव्हती. बोरकर काकांचा उजवा बूट त्यांनी उचलला, टाच पाहिली, मग पुढचा चवडा. चवड्याचं चामडं खरवडलेलं होतं. ताजं. त्यांनी दुसरा बूट उचलला. तोही.

"पाय ओढतो. कधीपासून?"

"छे छे," बोरकर काका म्हणाले. "बर्फामुळे असेल."

"बसता तिथे बधीर?"

"नाही."

"लघवी?"

बोरकर काका सांगाड्याच्या चित्राकडे बघत म्हणाले, "नॉर्मल."

हा माणूस बोल्ट किती फिरवायचा ह्यावर तासभर बोलू शकतो. पण बायको आणि भाडेकरू मुलगी समोर उभी असताना त्याला सकाळपासून लघवी झाली नाही हे तो मरेपर्यंत सांगणार नाही. आपल्या पुरुषांचं हे एक पत्रक मी अजून लिहायचं ठेवलं आहे. हाओ काकांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि दारापलीकडे बोट केलं. आम्ही तांदळाच्या पोत्यांपाशी जाऊन उभ्या राहिलो. तीन-चार मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बोरकर काकांचा कोट होता.

"हॉस्पिटल. घरी नाही. अपॉइंटमेंट नाही. इमर्जन्सी."

मग दुकानाच्या काउंटरवरून पाकिटाचा एक तुकडा घेऊन त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तीन ओळी लिहिल्या. दोन्ही पाय. बसतो तिथे बधीर. सकाळपासून लघवी नाही. तो कागद माझ्या हातात दिला. "पहिल्या खिडकीवर दे. तो बोलणार नाही. लाजतो."

मी तो कागद पहिल्या खिडकीवर दिला. खिडकीमागच्या नर्सने तो वाचला आणि आम्हाला रांगेत बसूच दिलं नाही. मणक्यातली गादी सरकून खालच्या सगळ्या नसांवर बसली होती. दिवस मावळायच्या आत ऑपरेशन झालं. नंतर सर्जन काकूंना म्हणाला, "हे उद्या आले असते तर," आणि वाक्य तिथेच सोडलं. मग विचारलं, हा कागद कुठल्या डॉक्टरने दिला? काकू म्हणाल्या, "डॉक्टर नाहीत ते." आणि रडायला लागल्या.

सुनावणी टाउनशिपच्या सभागृहात होती. पुढे पाच जण, मधे अध्यक्षबाई, बाजूला झेंडा. आमच्या आधी कुणाच्या तरी कुंपणाच्या उंचीचा वाद अर्धा तास चालला. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. हाओ काका निळा कोट धुऊन, इस्त्री करून आले होते. मेई शेजारी.

मी उभी राहिले. म्हटलं, तुमच्या फाइलमध्ये जे पत्रक आहे ते माझं आहे. ह्या माणसाच्या सिद्धांतावर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. कपांची वर्तुळं काय करतात ते मला माहीत नाही. पण चौथा मुद्दा खोटा आहे आणि तो खोटा आहे हे मला लिहिताना माहीत होतं. मग मी ती दोन परत पाठवलेली माणसं सांगितली, आणि फोटो मी न विचारता वापरला हेही. वेळ उरला होता. पहिल्यांदाच माझ्या भाषणात वेळ उरला.

बोरकर काका वॉकरवर आले होते. ते माइकपाशी गेले, घसा साफ केला आणि लघवी ह्या शब्दाने सुरुवात केली. दोनशे माणसांच्या सभागृहात, बायकोसमोर. काकू खाली मान घालून ऐकत होत्या, पण अभिमानाने, हे मी शपथेवर सांगते.

अध्यक्षबाईंनी हाओ काकांना विचारलं, तुम्ही पेशंटच्या नोंदी ठेवता का? मेईने भाषांतर केलं. त्यांनी कोटाच्या खिशातून एक वही काढून दिली. सगळी चिनीत. अध्यक्षबाईंनी ती मेईकडे देऊन वाचायला सांगितली.

मेईने पहिलं पान वाचायला घेतलं आणि थांबली. "ही पेशंटची यादी नाही," ती म्हणाली. "हे सगळे परत पाठवलेले आहेत." मग ती वाचत गेली. गुडघा गरम, ताप: हॉस्पिटल. घोटा, चार पावलं नाही: एक्स-रे. रात्री पाठ दुखते, वजन उतरलं: डॉक्टर, लवकर. हात दुखतो, डावा, जबडाही: ॲम्ब्युलन्स. कंबर, तीनदा दाबलं, फरक नाही: माझं काम नाही. पानामागून पान. वडिलांच्या खिशातली ती वही तिने पहिल्यांदाच उघडलेली होती हे तिच्या आवाजावरून सगळ्यांना कळत होतं.

"आणि बरे झालेले?" बाईंनी विचारलं.

"ते स्वतः लक्षात ठेवतात," हाओ काका म्हणाले. हे मेईला भाषांतर करावं लागलं नाही. ते इंग्रजीतच बोलले.

परवाना मिळाला, अटींसकट. पाटीवर उपचार, इलाज असले शब्द नकोत. खोलीचं दार काचेचं हवं. एका परवानाधारक फिजिओथेरपिस्टने महिन्यातून एकदा येऊन बघायचं. आणि वही ठेवायची, पण इंग्रजीत. हाओ काका सगळं ऐकून घेत होते, पण त्यांचा चेहरा हललाच नाही. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, काही प्रश्न?

ते उठले. दोन्ही हात पुढे करून पंजे उघडे धरले, जसे नखं तपासायला लहान मुलं धरतात.

"उद्यापासून हात लावू?"

"हो, सर," बाई म्हणाल्या. "लावा."

त्या अटी मला पटल्या. सगळ्या. परवाना नसलेल्याच्या हाती कुणी डोळे मिटून पाठ देऊ नये, हे मी आजही पत्रकावर छापते. त्याखाली आता आणखी एक ओळ असते: ज्याला विचारायचं त्याला हे विचारा, तुम्ही आजवर परत कुणाला पाठवलं? पांढऱ्या कोटवाल्यांनाही विचारा. त्यांना जास्त राग येतो.

पुढच्या मे महिन्यात माझं शिक्षण संपलं. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या आसपासच्या गोदामांतल्या कामगारांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत मला नोकरी मिळाली. सामान गाडीत भरून निघता निघता मी त्या दुकानांच्या रांगेपाशी थांबले. दार काचेचं झालं होतं. पाटीवर फक्त नाव आणि वेळ.

मी म्हटलं, जाते आहे. त्यांनी कुठे, किती पगार, लग्न कधी, काही विचारलं नाही. माझे बूट उचलले, टाच पाहिली, खाली ठेवले.

"मान दुखते," ते म्हणाले.

दुखत होती. दोन वर्षं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"तिकडे काय काम?"

"पत्रकं वाटायची. गोदामाच्या गेटवर."

"काम दाखव."

मी उभी राहिले आणि हवेत पत्रक वाटलं. ते उकिडवे बसून बघत राहिले. "पुन्हा." मी पुन्हा वाटलं. तेव्हा ते उठले आणि मला दाखवलं मी कशी दिसते ते: मान पुढे काढलेली, खांदा कानाशी, हात ताणून समोरच्याच्या नाकापर्यंत. नक्कल इतकी हुबेहूब होती की दारात थांबलेला पेशंट हसला. मग त्यांनी माझ्या खांद्यावर तो चपटा अंगठा ठेवला आणि खांदा खाली आणला. मनगट धरून हात दुमडला, कोपर बरगडीपाशी.

"कागद इथे धर. पोटाशी. त्याच्या हाताजवळ, तोंडाजवळ नाही. त्याला हवा असेल तर तो घेईल."

"आणि नाही घेतला तर?"

"तर तुझी मान दुखणार नाही."

गाडी मागे घेताना मी काचेच्या दारातून पाहिलं. तो हसलेला पेशंट, बहुतेक ट्रक ड्रायव्हर, खोलीच्या मधोमध उभा राहून हवेतलं मोठं स्टिअरिंग फिरवत होता. त्याच्या पुढ्यात निळा कोट जमिनीशी उकिडवा बसलेला, त्याच्या कोपराकडे बघत. ड्रायव्हर थांबला. निळ्या कोटाने एक बोट वर केलं. ड्रायव्हरने पुन्हा वळण घेतलं.